पुरुषोत्तमचा मुक्तहस्त

पुरुषोत्तम केळुसकरने वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी चित्रकला शिकायचं ठरवलं, त्याला कारण घोडा. खरं तर तो घोडा नव्हता. तो कन्व्हेयरचा स्टँड होता, आणि पुरुषोत्तमच्या मते कोणाही समंजस माणसाला तो कन्व्हेयरचा स्टँडच वाटला असता.

झालं असं, की न्यूझीलंडमधल्या ईस्ट टामाकीतल्या ज्या कारखान्यात तो कन्व्हेयर डिझाइन करतो, तिथले सगळे कंप्युटर एका सोमवारी सकाळी स्वतःला अपडेट करून घेत बसले. नेमका तेव्हाच पुकेकोहेहून कांदेवाला आला. कांदेवाला म्हणजे हातगाडी घेऊन येणारा नव्हे. कांद्याची मोठी शेती आणि स्वतःचं पॅकहाउस असलेला, ग्रॅहम नावाचा, अर्ध्या चड्डीतला साडेसहा फुटी गृहस्थ. त्याला कांदे वर चढवणारा पट्टा हवा होता. मॅनेजर म्हणाला, "पुरू, बोर्डवर जरा हाताने काढून दाखव."

पुरुषोत्तमने आयुष्यात हजारो ड्रॉइंग्ज केली होती, पण सगळी माउसने. मार्कर धरून फळ्यासमोर उभं राहायची वेळ शाळेनंतर पहिल्यांदाच आली. त्याने पट्टा काढला, त्याला चार पाय काढले, एका टोकाला मोटर काढली. ग्रॅहमने मान तिरकी करून बराच वेळ पाहिलं आणि अगदी मनापासून विचारलं, "म्हणजे हा घोडा पट्टा ओढणार?"

कोणी हसलं नाही. या देशाची हीच अडचण आहे. कोणी हसलं असतं तर त्याच्याशी भांडता तरी आलं असतं. मॅनेजर फक्त "येअ, ना," म्हणाला. 'येअ, ना' हे न्यूझीलंडमधलं अतिशय सभ्य उत्तर आहे. त्यातला 'येअ' समोरच्याचं मन राखण्यासाठी असतो आणि 'ना' हे उत्तर असतं. पुरुषोत्तमला हे कळायला इथे आल्यावर सहा वर्षं लागली होती, आणि त्या सहा वर्षांत त्याने बऱ्याच 'येअ'वर विसंबून बरीच कामं करून ठेवली होती.

संध्याकाळी न्यू लिनच्या घरी पोचल्यावर त्याने हा प्रकार बायकोला सांगितला. सुनीतीने सहानुभूतीने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मला काढून दाखव बघू."

त्याने वाणसामानाच्या यादीमागे काढून दाखवलं.

"शेपूट कशाला काढलंस?" सुनीतीने विचारलं.

"ती केबल आहे."

"मग कान?"

पुरुषोत्तमने कागद घडी करून खिशात घातला. त्या रात्री आमटी संपल्यावर त्याने जाहीर केलं की तो चित्रकला शिकणार आहे. सोळा वर्षांची स्वरदा फोनमधून डोकं वर न काढता म्हणाली, "स्वीट अ‍ॅज, बाबा," म्हणजे इथल्या पोरांच्या भाषेत 'छानच', आणि विषय संपला असं सर्वांना वाटलं.

विषय संपू न देणारा माणूस त्याच रस्त्यावर तीन घरं सोडून राहत होता. शशिकांत मूळ डोंबिवलीचा, पुरुषोत्तमचा वीस वर्षांचा मित्र. त्याने शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या दोन्ही चित्रकलेच्या परीक्षा दिल्या होत्या, आणि इंटरमीजिएटला बी ग्रेड मिळवली होती. नंतर तो विम्याच्या कंपनीत गेला तो गेलाच, पण ती बी ग्रेड त्याने कधी मावळू दिली नाही. बातमी कळल्या कळल्या तो येऊन उभा राहिला. उभा राहिला म्हणजे त्याच्या खास पद्धतीने: पावलं दोन दिशांना, पोट पुढे आणि डावा हात मागे कमरेवर, जसे काही हेडमास्तर वर्गाबाहेरून आत बघतायत.

"वस्तुचित्र, स्मरणचित्र, मुक्तहस्तचित्र," तो म्हणाला. "त्यात मुक्तहस्त सगळ्यात कठीण. पट्टी नाही, कंपास नाही. रेघ मनगटातून काढायची नाही, खांद्यातून काढायची."

"म्हणजे कशी?"

शशिकांतने हवेत खांद्यातून एक रेघ काढली. तिच्या वाटेत सुनीतीची तुळस होती. कुंडी फुटली, पण त्याने रेघ पूर्ण केली, हे मान्य करायला हवं.

कम्युनिटी हाउसमध्ये शनिवारी सकाळी नवशिक्यांचा चित्रकला वर्ग भरत असे. त्याचा फॉर्म ऑनलाइन होता. चित्रकलेचा फॉर्म असून त्यात सातवा प्रश्न असा होता, की वर्गात तुम्हाला कोणते धोके संभवतात असं वाटतं. कोणीही शहाणा माणूस तिथे 'काही नाही' असं लिहून पुढे जातो. पण पुरुषोत्तम इंजिनियर होता आणि कोणी प्रश्न विचारला की त्याला उत्तर देण्यावाचून राहवत नसे. त्याने शार्पनरचं पातं, घडीच्या खुर्चीत सापडणारी बोटं आणि खोडरबराच्या चुऱ्यावरून घसरणं, असे तीन धोके लिहिले. दोन दिवसांनी तिथल्या कोऑर्डिनेटरचा फोन आला. धोके नोंदवले गेल्यामुळे आता नियमाप्रमाणे त्याला सुरक्षिततेचं वेगळं मार्गदर्शन घ्यावं लागणार होतं. तो एकटाच एका रिकाम्या खोलीत वीस मिनिटं बसला आणि तिने त्याला आग लागल्यास बाहेर पडायचं दार दाखवलं. खोलीला एकच दार होतं. तो त्यातूनच आत आला होता.

फॉर्मचा शेवटचा प्रश्न होता, 'तुमचं कलाविषयक ध्येय काय?' पुरुषोत्तमने लिहिलं होतं: 'वर्तुळ: दोन मिलिमीटरपर्यंत चूक चालेल. सरळ रेघ: फूटभरात एक मिलिमीटर. घोडे: शून्य.'

वर्गाच्या शिक्षिका मेरेआना साठीच्या होत्या, पांढरे केस मोकळे, गळ्यात हिरव्या दगडाचं पेंडंट. "किया ओरा," म्हणून त्यांनी सर्वांचं स्वागत केलं आणि पुरुषोत्तमजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "तुमचं ध्येय वाचलं. घोड्यांनी तुम्हाला काही केलंय का?"

पहिल्या दिवशी शंभर वर्तुळं काढायची होती. हात कागदावर न टेकवता, खांद्यातून, न थांबता. म्हणजे शशिकांतचं बरोबर होतं, आणि हे समजल्यामुळे पुरुषोत्तमचा पहिला तास थोडा कडवट गेला. वर्तुळं झाल्यावर कागद भिंतीवर लावायचे आणि प्रत्येकाने दुसऱ्याच्या कामाबद्दल आवडलेली एक गोष्ट सांगायची, अशी पद्धत होती. वर्गात नऊ जण होते. पुरुषोत्तमच्या कागदासमोर ते आठ जण पुष्कळ वेळ उभे राहिले. मग एका बाईंना त्याचा समास आवडला. एकाला कागदाचा पोत आवडला. एका निवृत्त प्लंबरने बराच विचार करून सांगितलं, की पेन्सिल फार छान टोकदार आहे.

घरचा अभिप्राय त्या मानाने थेट होता. स्वरदाने फ्रिजवर लावलेली वर्तुळं पाहिली आणि म्हणाली, "बाबा, इट्स गिव्हिंग बटाटा."

पण पुरुषोत्तम चिवट होता. तो रोज सकाळी कामावर जाण्याआधी वीस मिनिटं वर्तुळं, दहा मिनिटं रेघा काढू लागला. अभिप्रायासाठी त्याने एक तक्ता करून फ्रिजवर लावला: तारीख, काय काढलं आहे, काय वाटतं आहे, अशा तीन रकान्यांचा. दुसरा आणि तिसरा रकाना जुळला की तो दिवस चांगला. पहिल्या महिन्यात केटल काढली ती गणपती वाटली, चप्पल काढली ती चप्पलच वाटली पण दुसऱ्या कोणाची तरी. सुनीतीचा झोपलेला चेहरा काढला, तेव्हा तिने तिसऱ्या रकान्यात काही लिहिलं नाही, फक्त दोन दिवस चहा अर्धा कपच दिला. तरीही हळूहळू रेघेतला कंप गेला. दुसऱ्या महिन्याच्या अखेरीस स्वरदाने ब्रेडच्या चित्राखाली 'ब्रेड' असं लिहिलं आणि पुढे 'हीप्स बेटर', म्हणजे पुष्कळच बरं, असंही लिहिलं. तो कागद पुरुषोत्तमने ऑफिसात नेऊन ठेवला.

मग मेरेआनांनी मोठा गृहपाठ दिला. तीन आठवडे रोज अर्धा तास एकच घर काढायचं, तेही त्याच जागी बसून. शिवाय वहीच्या मागच्या पानांवर, समोरून जे हलतं-चालतं जाईल ते तीस सेकंदांत काढायचं. "काय आहे ते मनात ठरवायचं नाही," त्यांनी बजावलं. "माणूस आहे, कुत्रा आहे, असं नाव दिलंत की तुम्ही बघायचं थांबवता. नाव न देता फक्त आकार बघा."

पुरुषोत्तमने बार्बराचं घर निवडलं. बार्बरा म्हणजे त्याच रस्त्यावर, समोरच्या बाजूला राहणाऱ्या ब्याऐंशी वर्षांच्या बाई. जुनं लाकडी फळ्यांचं घर, पुढे व्हरांडा, लिंबाचं झाड, बाजूला कधीच कुलूप न लावलेलं गॅरेज. कामावरून लवकर सुटून तो साडेचारला रस्त्याकडेच्या हिरवळीवर कॅम्पिंगची घडीची खुर्ची टाके. गाड्यांची भीती म्हणून कारखान्यातलं भगवं चमकतं जॅकेट घाले आणि उन्हासाठी रुंद कडांची टोपी. मग हात लांब करून पेन्सिल उभी धरायची, एक डोळा मिटायचा, अंगठा पेन्सिलीवर सरकवत घराची उंची मोजायची आणि वहीत काहीतरी लिहायचं. वर्गात हे करताना तो चित्रकार दिसत असे. रस्त्यावर तो काय दिसत होता, याचा त्याने विचार केला नव्हता.

आठव्या दिवशी जेवताना सुनीतीने फोन पुढे केला. त्यांच्या रस्त्याचा फेसबुकवर एक ग्रुप होता. त्यावर कोणीतरी पाठमोरा फोटो टाकून विचारलं होतं, की हा जॅकेटवाला माणूस रोज येऊन आपली घरं का मोजतो. खाली एकसष्ट उत्तरं होती. एकाच्या मते काउन्सिल रस्ता रुंद करणार होतं. एकाच्या मते बार्बराचं घर पाडून तिथे सहा टाउनहाउस होणार होती. एकाने तर त्या सहांपैकी एकाची चौकशीही केली होती. मग एक बाई म्हणाल्या की काउन्सिलचा माणूस एवढा नियमित येणं शक्य नाही, आणि तिथून चर्चेने चोराच्या दिशेने वळण घेतलं. सगळ्यात लांब मजकूर ग्रुपच्या ॲडमिनचा होता: आपण सर्वांनी डोळे उघडे ठेवले पाहिजेत, या माणसाची बसण्याची पद्धत सराईत वाटते, वगैरे. ॲडमिन शशिकांत होता.

"हा तूच आहेस ना?" सुनीतीने फोटोवर बोट ठेवलं.

"छे. माझी पाठ एवढी रुंद नाही."

"खुर्ची आपली आहे. तिच्या मागे स्वरदाने चिकटवलेला किवी पक्षी आहे."

पुरुषोत्तमने खुलासा करायचं ठरवलं. त्यासाठी फेसबुकवर खातं हवं होतं, ते त्याने उघडलं. खात्याला फोटो हवा होता. त्याच्याकडे एक ताजं, स्वतः काढलेलं स्वतःचं चित्र होतं, ते त्याने अभिमानाने लावलं. 'आदरणीय शेजारी हो,' अशी सुरुवात करून चार परिच्छेदांचा खुलासा लिहिला आणि ग्रुपमध्ये प्रवेशाची विनंती पाठवली. विनंती नामंजूर झाली.

दुसऱ्या दिवशी शशिकांत स्वतः सांगायला आला. "तुझ्या नावाने कोणीतरी खोटं खातं उघडलं होतं. मी लगेच ब्लॉक केलं. आभार मानू नकोस."

"खोटं कशावरून?"

"अरे, फोटोच्या जागी बटाटा होता."

पुरुषोत्तमच्या ओठांवर सगळं आलं होतं. तो फोटो माझा आहे, ती पाठ माझी आहे, ते खातं माझं आहे. पण हे सांगायचं म्हणजे तो बटाटाही माझा आहे हे सांगणं आलं, आणि तेही बी ग्रेडवाल्याला. तो म्हणाला, "बरं केलंस." शशिकांत डावा हात कमरेवर ठेवून समाधानाने निघून गेला. सुनीतीने नंतर विचारलं, सांगितलंस ना, तेव्हा पुरुषोत्तम म्हणाला, तसा विषय निघाला होता.

ही गोष्ट बुधवारची. शुक्रवारी बार्बराच्या गॅरेजमधून त्यांचं लाल लॉनमोअर नाहीसं झाल्याचं त्यांच्या लक्षात आलं; गुरुवारी दुपारपर्यंत ते जागेवर होतं. ग्रुपवर उत्तरांचा आकडा दोनशेच्या पुढे गेला. आणि शनिवारी दुपारी, वर्गातून येऊन पुरुषोत्तम वरणभात जेवत असताना, दारात पोलीस उभी राहिली.

कॉन्स्टेबल तालिया तरुण होती, अंगाने भक्कम, आवाजाने अतिशय मऊ. दारात तिने स्वतःहून बूट काढले, त्यामुळे सुनीतीचं मत तिच्याबद्दल लगेच चांगलं झालं. रस्त्यावरच्या सगळ्या घरांत ती विचारपूस करत होती, आणि कोणीतरी तिला किवी पक्ष्याची खुर्ची या घरच्या व्हरांड्यात असल्याचं सांगितलं होतं.

"तुम्ही अडचणीत नाही आहात," ती सोफ्यावर बसत म्हणाली. ज्यांना असं सांगावं लागतं ते अडचणीत असतात, एवढं पुरुषोत्तमला कळत होतं. "फक्त त्या वहीत काय लिहिता ते बघायचंय."

"लिहीत नाही. चित्र काढतो. बार्बराच्या घराचं."

त्याने वही दिली. तालियाने पहिलं पान पाहिलं, वही उलटी केली, परत सुलटी केली. मग दुसरं पान, मग तिसरं. तिच्या चेहऱ्यावरचा ताण निघून गेला.

"ही बोट आहे का?" तिने विचारलं.

"घर आहे."

"माफ करा, हा शिडाचा भाग…"

"तो व्हरांडा आहे."

तालिया मोकळेपणाने हसली. "मग काळजीचं कारण नाही. हे चित्र बघून कोणी चोरी करायला निघालाच, तर तो बंदरावर पोचेल. मी नोंद करते, की वहीतल्या चित्रांचा त्या घराशी संबंध दिसत नाही."

इथे कोणीही सुटकेचा निःश्वास टाकला असता. सुनीतीने टाकलाही, आणि आत चहा ठेवायला उठली. पुरुषोत्तम मात्र खुर्चीच्या कडेवर आला. अकरा दिवस. रोज अर्धा तास. आणि संबंध दिसत नाही.

"संबंध आहे," तो म्हणाला. "नीट बघा. हा उतार छपराचा. हे लिंबाचं झाड."

"मला ते डोलकाठीसारखं वाटलं."

"आणि हे गॅरेज. दार इथे, डावीकडे. कुलूप नाही, तेसुद्धा मी काढलंय. म्हणजे नाही काढलं, कारण नाहीये."

"बोट आहे ती," सुनीती वळून घाईने म्हणाली. "त्यांना बोटींची फार आवड आहे."

"सुनीती, मला बोटींची आवड नाही. मी बार्बराचं घर काढलंय आणि ते बार्बराचंच घर आहे."

स्वरदाने कानातला इयरफोन काढला. "बाबा, आर यू ट्रायिंग टु गेट अरेस्टेड?"

तालियाने पेन पुन्हा उघडलं, पण तिचा आवाज मऊच राहिला. "बरं, घर. मग गुरुवारी साडेचार ते पाच तुम्ही तिथे होतात. लॉनमोअर नेताना कोणी दिसलं?"

पुरुषोत्तमने आठवून पाहिलं. "हो, दिसलं. म्हणजे काहीतरी ढकलत कोणीतरी गेलं. मी चित्रातल्या लिंबाच्या पानांत होतो. कोण ते बघितलं नाही, बघायचं नाही असंच आम्हाला शिकवतात. नुसता आकार बघायचा." मग त्याचा चेहरा एकदम उजळला. "पण मी तो काढलाय. तीस सेकंदांत."

त्याने वही मागच्या बाजूने उघडली, दोन कुत्री आणि एक बाबागाडी ओलांडली आणि पान पुढे केलं.

जेमतेम सहा-सात रेघा होत्या. पाठमोरा माणूस एका हाताने मोअर ढकलत चालला होता. पावलं दोन दिशांना. पोट मागूनही दोन्ही बाजूंना दिसत होतं. पँट नीट वर ओढलेली. आणि डावा हात मागे कमरेवर.

स्वरदा सोफ्यामागून वाकली. "ओह माय गॉड," ती म्हणाली. "शशीकाका."

सुनीती गॅसपाशी चहाचा डबा हातात घेऊन उभीच राहिली. तालियाने चित्र जवळ घेतलं. "हे गृहस्थ तीन घरं पलीकडे राहतात का? मी आत्ता तिकडूनच आले. गस्त कशी घालावी याबद्दल त्यांनी मला वीस मिनिटं सांगितलं. दारातून आत जाताना ते अगदी असेच दिसत होते."

पुरुषोत्तमने आपलं चित्र पहिल्यांदाच नीट पाहिलं. आणि त्याला एकाच क्षणी दोन गोष्टी झाल्या. वाईट वाटलं, कारण तो शशिकांतच होता. आणि छाती भरून आली, कारण तो शशिकांतच होता. तीन महिन्यांत प्रथमच, तिघांनी, न विचारता, त्याचं चित्र ओळखलं होतं.

"कोणी दुसराही असू शकेल," सुनीती त्याच्याकडे रोखून बघत म्हणाली. "यांची चित्रं काही तशी जुळत नाहीत. हो की नाही?"

मित्राला वाचवायला एकच वाक्य पुरे होतं. 'मला कुठे येतं काढता?' एवढंच. पुरुषोत्तमने तोंड उघडलं.

"साम्य आहे," तो म्हणाला.

मग सगळे मिळून शशिकांतच्या घरी गेले. वाटेत बार्बराही काठी टेकत सामील झाल्या, कारण त्यांच्या मोअरचा प्रश्न होता. शशिकांतने गॅरेजचं दार आनंदाने उघडलं, आणि आत लाल मोअर होतं. त्याच्या बायकोने, वसुंधराने, कपाळाला हात लावला.

"हे तर बार्बरांचं आहे," शशिकांत शांतपणे म्हणाला. "मी गुरुवारी आणलं. त्यांनीच मागे सांगितलं होतं, लागेल तेव्हा ने म्हणून."

"तेच चोरीला गेलंय," वसुंधरा म्हणाली.

"हे कसं चोरीला जाईल? हे माझ्याकडे आहे. चोरीला गेलेलं दुसरं असणार."

"त्यांच्याकडे एकच आहे, शशिकांत. काल दिवसभर तू ग्रुपवर लोकांना ते शोधायला लावलंस."

शशिकांतने मोअरकडे पाहिलं, बार्बरांकडे पाहिलं, आणि त्याच्या डोळ्यांसमोर स्वतःच लिहिलेली चौदा उत्तरं उभी राहिली असावीत. बार्बरा मात्र एकदम हसू लागल्या. हो की, मीच म्हणाले होते, माझ्या पार डोक्यातून गेलं, असं म्हणत त्यांनी शशिकांतच्या दंडावर थोपटलं आणि आणलंच आहेस तर माझ्या पुढचंही गवत काप, असं सांगितलं. तालियाने आपली नोंदवही मिटली. जाताना तिने पुरुषोत्तमशी हात मिळवला आणि फार चांगलं निरीक्षण आहे म्हणाली. रस्त्यावर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला आणि मग शशिकांत म्हणाला, "पण तुम्हाला कळलं कसं?"

स्वरदाने वहीचं पान दाखवलं.

वसुंधराने आधी पाहिलं. ती हसायला लागली आणि हसताहसता मोअरवरच बसली. "हुबेहूब," एवढाच शब्द तिला बोलता आला. शशिकांतने चित्र घेतलं. गवताच्या यंत्राबद्दल, पोलिसांबद्दल, आपण मित्राला सराईत म्हणालो त्याबद्दल, तो काही बोलला नाही. त्याने एवढंच विचारलं, "मी मागून असा दिसतो?"

"मी कोण आहे ते बघितलं नव्हतं रे," पुरुषोत्तम म्हणाला. "बघितलं असतं तर जमलं नसतं."

यावर शशिकांत दोन आठवडे त्याच्याशी बोलला नाही. गणपतीच्या मीटिंगला तो आला, पण सबंध वेळ भिंतीला पाठ लावून उभा राहिला. खोलीबाहेर पडतानाही तो लोकांकडे तोंड करून, मागे मागे सरकत गेला, आणि दारातल्या चपलांच्या ढिगात पडला. पुरुषोत्तमला वाईट वाटत होतं. मेरेआनांनी ते सहा रेघांचं चित्र भिंतीवर लावलं, तेव्हा वर्गातल्या आठही जणांना सांगण्यासारखं काहीतरी सापडलं, आणि मेरेआना स्वतः नुसत्या "येअ" म्हणाल्या. पुढे काही नाही. पुरुषोत्तम वाट बघत थांबला, पण 'ना' आलाच नाही. एवढी मोठी गोष्ट ज्याला सांगावी असा माणूस तीन घरं पलीकडे रुसून बसला होता.

तिसऱ्या रविवारी सकाळी बेल वाजली. शशिकांत दारात होता. ताजी दाढी, इस्त्रीचा शर्ट, लग्नातला ब्लेझर, केसांना तेल. तो सरळ हॉलमध्ये आला, खिडकीजवळच्या खुर्चीत बसला, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि पोट आत घेतलं.

"समोरून काढ," तो म्हणाला.

पुरुषोत्तमने वही घेतली. सव्वा तास तो काढत राहिला आणि सव्वा तास शशिकांत प्रकाश कुठून यावा, कपाळ किती ठेवावं, नाकाला सावली कशी द्यावी, हे ओठ न हलवता सांगत राहिला. त्याने श्वास किती वेळा घेतला हे सांगता येणार नाही, फार वेळा घेतला नाही. तो शशिकांत आहे हे पुरुषोत्तमला आता पूर्ण माहीत होतं, आणि ते विसरायचा त्याने परोपरीने प्रयत्न केला. शेवटी त्याने वही पुढे केली आणि मान खाली घातली.

चित्रातल्या माणसाला दाट केस होते. गळा होता. खांदे रुंद आणि पोट मुळीच नाही. डोळे कुठल्यातरी दूरच्या, उदात्त गोष्टीकडे लागलेले. शशिकांतने ते हात लांब करून पाहिलं, मग जवळ आणून पाहिलं.

"माझ्यासारखं अजिबात दिसत नाही," तो म्हणाला.

"नाही," पुरुषोत्तमने कबूल केलं.

"छान झालंय. दे."

सुनीतीने त्याला चहा दिला, पूर्ण कप. तो पिताना शशिकांत हसला, आणि खुर्चीतून उठून, सर्वांकडे निःशंक पाठ करून, आपल्या नेहमीच्या चालीने घरी गेला.

ते चित्र आता शशिकांतच्या हॉलमध्ये, दारासमोर, चांगल्या चौकटीत लावलेलं आहे. येणारा प्रत्येक पाहुणा ते कोणाचं म्हणून विचारतो, आणि सांगितल्यावर पुन्हा एकदा विचारतो. दुसरं, सहा रेघांचं, वसुंधराने पुरुषोत्तमकडून मागून घेतलं आणि स्वयंपाकघरात मसाल्याच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं. फोडणी करताना दार उघडं असलं की ते दिसतं. मदतीला आलेल्या बायका ते बघतात, हसतात, आणि जिऱ्याचा डबा काढून घेतात. ते कोणाचं, हे अजून कोणी विचारलेलं नाही.